तीस वर्षांचा पाचोळा

"ओ मॅडम, खुरपं खाली ठेवा. कुणाच्या तरी चुलीवर उभ्या आहात तुम्ही."

गौतमी दचकून बाजूला झाली आणि पायाखाली बघू लागली. चूल कुठेच नव्हती. इनामगावच्या शिवारातलं, घोड नदीच्या काठचं एक बसकं टेकाड, त्यावर पिठासारखी मऊ करडी माती आणि तिच्या हातात अर्धी भरलेली गोणी… एवढंच.

"कुणाची चूल?"

"नाव न्हाई माहीत. साडेतीन हजार वर्षं झाली, येणंजाणं राहिलं न्हाई."

बोलणारा शेजारच्या उसातून बाहेर आला होता. पंचविशीचा असेल. डोक्याला टॉवेल, हाताला ट्रॅक्टरचं काळं ऑइल. चेहरा अगदी गंभीर होता, डोळे मात्र त्याला साथ देत नव्हते.

"आमचे आबा इथल्या खोदकामावर रोजानं व्हते," तो म्हणाला. "ब्रशनं माती झाडायचं काम. घरंच्या घरं निघाली खाली. चुली, रांजण, जळालेल्या बोराच्या बिया. तवापासून आमच्या घरात कुणी हितं फावडं लावत न्हाई."

गौतमीने एकदा त्या मातीकडे पाहिलं, एकदा गोणीकडे. कुणीतरी बोरं खाल्ली होती. बिया चुलीत टाकल्या होत्या. त्या कुणालातरी ओठ होते, दात होते, संध्याकाळ होती…

तिने गोणी उलटी केली नाही. गुडघ्यावर बसली आणि जिथून जितकी माती घेतली होती तिथे तितकी, ओंजळीओंजळीने परत ठेवली. वरून तळव्याने सारखी केली. तो हे सगळं डोक्याचा टॉवेल सोडून बघत राहिला.

"मॅडम, एवढं जपून तर आमचे आबाबी झाडत नव्हते," तो शेवटी म्हणाला. "मी रविराज. काय करणार होतात या मातीचं?"

"झाडं लावणार होते. दहा हजार फुटांवरची."

"दहा हजार फुटांवरची झाडं… शिरूरला?" आता मात्र त्याचा चेहराही हसला. "येडं कोण, झाडं का तुम्ही?"

"येऊन बघा, मग ठरवा."

आणि तो दुसऱ्याच दिवशी आला.

गौतमी मूळची दौंडची. वडील रेल्वेत, घर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, आणि ती पुण्याहून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होऊन नुकतीच शिरूरजवळच्या सोपानरावांच्या पॉलिहाउसवर कामाला लागलेली. सोपानराव गुलाब पिकवत. त्या वर्षी, म्हणजे २००२च्या हिवाळ्यात, त्यांना नवा नाद लागला होता. हिमाचलातल्या एका रोपवाटिकेने त्यांना उंच डोंगरावरची छत्तीस रोपं पाठवली होती. अट सोपी होती. फेब्रुवारीअखेर तपासणीला माणूस येईल. छत्तीसपैकी निदान वीस रोपं इथल्या मातीच्या मिश्रणात जगलेली दिसली, तर पुढचा व्यवहार होईल आणि सोपानरावांचं एक माणूस सहा महिने वर डोंगरात शिकायला जाईल.

ते माणूस म्हणजे गौतमी. तिने आयुष्यात सर्वांत उंच पाहिलेली जागा म्हणजे सिंहगड. ही रोपं जिथे खडकाच्या फटीत स्वतःहून उगवतात ती जागा बघायची, एवढं एकच तिने मनाशी धरलं होतं. वीस रोपं. एकोणीस झाली तर नाही.

पॉलिहाउसच्या कोपऱ्यातल्या थंड खोलीत ती छत्तीस रोपं मांडली होती. रविराज वाकला, अजून वाकला, शेवटी उकिडवा बसला.

"ही झाडं? मला वाटलं बटनं ठेवलीत."

खरंच तेवढीच होती ती. रुपयाएवढी, घट्ट, गोल, अंगावर पांढरी लव. गौतमीने त्याच्या हातात भिंग दिलं. तो ते एका रोपावरून दुसऱ्यावर नेत राहिला.

"ह्यांनी तर… घोंगडं पांघरलंय," तो हळूच म्हणाला.

गौतमी त्याच्याकडे बघतच राहिली. पुस्तकात याला दीड पान लागलं होतं.

"यांची अडचण अशी आहे," ती सांगू लागली, "की आपल्याला वाटतं तसं यांना खत नको असतं. कुजलेलं काहीतरी हवं, पण पोट भरायला नाही. माती मोकळी राहायला. पाणी धरून ठेवेल पण साचू देणार नाही, थोडं खाऊ घालेल पण लठ्ठ करणार नाही, असं. पुस्तकात त्याला सेंद्रिय भूसुधारक म्हणतात."

"म्हंजी आई नको, सासूबी नको. मावशी पाह्यजे."

ती खळखळून हसली. मग वहीत खरंच लिहून ठेवलं: मावशी.

त्या मावशीचा शोध पुढचा महिनाभर चालला. रविराजचा ट्रॅक्टर होता. रोपांच्या मिश्रणासाठी पॉलिहाउसला खडी-क्रशरची बारीक दगडी कच पोचवायचं काम त्याने मागून घेतलं. कच आठवड्याला एक खेप लागत होती. तो चार वेळा यायचा.

"आज ट्रॉलीत काही दिसत नाही?" गौतमी विचारायची.

"कच न्हाई आली. आलो मी."

सहा रोपं तिने तुलनेसाठी वेगळी काढली होती. एकात गांडूळखत, एकात साखर कारखान्यात उसाच्या रसातून निघणारा गाळ, म्हणजे प्रेसमड, एकात नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला सगळे कोकोपीट म्हणतात, अशी सहा मिश्रणं. गांडूळखतातलं रोप आठवड्यात फुगलं आणि मधोमध काळं पडलं. प्रेसमडमधलं त्याच्या आधीच गेलं. सहांतलं फक्त कोकोपीटचं टिकलं, पण त्यातला खारेपणा कितीही धुतला तरी पुरता जाईना. दुसरं हाताशी काही नसल्याने तिने सगळी रोपं तूर्तास त्यातच ठेवली. एकतीस उरली होती.

जानेवारीत पदवीदान समारंभासाठी तिला तीन दिवस पुण्याला जावं लागलं.

"फक्त पाणी," तिने रविराजला बजावलं. "सकाळी एकदा. या मापाने."

"फक्त पाणी," त्याने छातीवर हात ठेवून म्हटलं.

चौथ्या दिवशी ती परतली तेव्हा तो दारातच उभा होता. तोंडावर हसू मावत नव्हतं. "डोळे मिटा… आता उघडा."

रोपं हिरवीगार झाली होती. पांढरी लव विरळ होऊन आतून कोवळे, लुसलुशीत, लांबुडके कोंब वर आले होते. दौंडच्या बाजारातल्या मेथीसारखे.

गौतमीने हातातली पिशवी तिथेच टाकली.

"काय घातलंस?"

"लेंडीचं पाणी. रातभर भिजवून, फडक्यानं गाळून. गेल्या आठवड्यात मेंढरं आमच्याच रानात बसली व्हती, ताजं खत हाय." मग तिचा चेहरा बघून त्याचा आवाज उतरत गेला. "आमच्या घरात लाडकं असंल त्याला हेच घालत्यात. ती तुमची व्हती म्हणून…"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर कित्येक दिवस वाटत राहिलं. तिने फक्त एक कोंब दोन बोटांत धरून दाखवला. "डोंगरावर यांना वर्षातले तीन महिने मिळतात वाढायला. म्हणून ही थोडं खातात, सावकाश वाढतात, अंग घट्ट ठेवतात. त्या घट्टपणावर बर्फ सोसतात. तू यांना तीन दिवसांत मऊ केलंस, रविराज. आता ही बुंध्याशी कुजतील."

तसंच झालं. दर दिवसाआड एक-दोन. दहा दिवसांत एकतीसची तेवीस झाली. लेंडी मुरलेल्या त्या मिश्रणातून उरलेली बाहेर काढायला हवी होती, आणि घालायची कशात हेच माहीत नव्हतं. पानांची जुनी, पार निवलेली कूज मिळाली तर… पण ती तयार व्हायला दोन वर्षं लागतात, हे तिने रविराजलाही एकदा सांगितलं होतं. तिच्याकडे चार आठवडे होते.

रविराज आठ दिवस फिरकला नाही. कच दुसऱ्याच ट्रॅक्टरने आली.

नवव्या दिवशी तो चालत आला. तिच्यासमोर मूठ धरली आणि उघडली.

"वास घ्या."

काळा, रवाळ, चहाच्या भुकटीसारखा चुरा. शेणाचा नाही, सडल्याचा नाही… गार, खोल, झाडांच्या सावलीला वास असता तर तसा. गौतमीने बोटांनी दाबला. पाणी सुटलं नाही. सोडला, पुन्हा मोकळा झाला.

"कुठे मिळालं?"

"आमच्या उंबराच्या हिरीत. बहात्तरच्या दुष्काळात आटली ती आटलीच. वर उंबर. तवापासनं पानं पडतायत खाली, कुणी काढलीच न्हाईत." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "तुम्ही सांगितलं व्हतं ना, पानांची कूज, दोन वर्षं जुनी. ही तीस वर्षांची चालंल का?"

विहिरीवर रविराजची आई, बानूबाई, आधीच दोर घेऊन थांबली होती. लहानखुरी, ताठ, कपाळावर मोठं कुंकू. तिने गौतमीला नखशिखांत न्याहाळलं आणि कंदील पेटवून विहिरीत सोडला. "दिवा इझला तर माणूस उतरत न्हाई," ती म्हणाली. "आमच्या सासूची रीत."

गौतमीला त्यामागचं कारण ठाऊक होतं. कुजणाऱ्या पानांचा जड वायू तळाशी साचतो. पण त्या सासूला ते कुणी शिकवलं होतं? कंदील खाली शांतपणे जळत राहिला.

"मी उतरतो, भरून देतो," रविराज म्हणाला.

"नाही. मला बघायचंय."

दगडी पायऱ्या अर्ध्यावर संपत होत्या. पुढचे दहा फूट दोराने. तळाला पाय टेकले तेव्हा ते घोट्यापर्यंत रुतले, आवाज न होता. वर एकोणतीस अंश होते; तिच्या हातातल्या थर्मामीटरचा पारा उतरत उतरत विसावर थांबला.

तिने खुरप्याने बाजूला एक उभा काप घेतला आणि कंदील जवळ धरला.

सर्वांत वर यंदाची पानं, पिवळी, अजून पानंच असलेली. त्याखाली तपकिरी. त्याखाली पानांचं मांस जाऊन नुसत्या शिरा उरलेल्या, जाळीसारख्या, इतक्या नाजूक की श्वासाने हलल्या. आणखी खाली त्या शिराही चुरलेल्या. आणि मग काळंभोर, रवाळ, कुठलंच पान नसलेलं आणि सगळीच पानं असलेलं. तिने बोट टेकवून मोजलं. इथे ती कॉलेजात गेली. इथे पहिलीत. इथे जन्मली… आणि त्याच्याखालीही हातभर होतंच. ती नव्हती तेव्हाही हे इथे गुपचूप तयार होत होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मोजलं नव्हतं. तिला वाटलं, आपण हळू बोललं पाहिजे. देवळात नाही, त्याहून जुन्या कुठल्यातरी जागी आल्यासारखं.

तिने वर पाहिलं. आभाळाचा गोल तुकडा, त्याला उंबराची झालर, आणि काठावर रविराजचं डोकं.

तीन गोण्या भरून वर गेल्यावर तिने दोर कमरेला बांधला. "ओढा आता."

"एक इचारायचं व्हतं."

"आत्ता?"

"दुसरीकडं कुठं तुम्ही थांबून ऐकता? आठ दिवस झाले मी जेवलो न्हाई नीट. माफ केलं म्हणा."

"आधी दोर ओढ."

"आधी माफी."

"रविराज, इथे आवाज घुमतो. तुझी आई ऐकतेय."

"आई ऐकतीया," वरून बानूबाईंचा आवाज आला, "आन् आईचा हात दुखतुया. दे बाई माफी, न्हाईतर मीच सोडते दोर."

विहिरीत हसू घुमलं आणि बराच वेळ घुमत राहिलं. वर आल्यावर तिच्या केसांत अडकलेली पानाची एक जाळी त्याने अलगद काढली. टाकली मात्र नाही… खिशात ठेवली. तिने पाहिलं. पाहिलं नाही असं दाखवलं.

दोन भाग कच, एक भाग घोड नदीची जाड वाळू, एक भाग उंबराची कूज. त्याने चाळलं, तिने मोजलं. प्रत्येक रोपाची मुळं कोमट पाण्यात धुऊन दोघांनी मिळून तेवीस कुंड्या भरल्या. पहिल्या आठवड्यात दोन गेली. मग कुणीच गेलं नाही. कोंब आखूड झाले, लव परत दाट झाली. रोज सकाळी दोघं मोजायची, आणि मोजताना दोघांचाही श्वास विसाव्या कुंडीपाशी अडायचा.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका बटणावर फूल उमललं. ज्वारीच्या दाण्याएवढं. गुलाबी पाकळ्या, मधोमध पिवळा डोळा.

"हा डोळा पिवळा आहे ना," गौतमी कुजबुजली, "तोवर फूल वाट बघतंय. मधमाशी येऊन गेली, पराग मिळाले, की तो लाल होतो. मग दुसऱ्या माश्या तिकडे फिरकत नाहीत."

"आन् कुणी आलंच न्हाई तर?"

"तर पिवळाच राहून गळून जातं." तिने भिंग खाली ठेवलं. "इथे कोण येणार? त्याची माशी दोन हजार किलोमीटरवर आहे."

दुपारी खोली झाडायला दार उघडं राहिलं होतं. संध्याकाळी ती भिंग घेऊन वाकली आणि तशीच राहिली. मग हाक मारली, जेमतेम ऐकू जाईल अशी. रविराज धावत आला.

डोळा लाल झाला होता.

शेजारच्या कांद्याच्या फुलोऱ्यावरची एखादी माशी. तिने हे फूल कधी पाहिलं नव्हतं, तिच्या आईने, आजीने पाहिलं नव्हतं. आणि तरी वाट चुकून आत आली आणि तिला कळलं. एका भिंगात दोन डोकी मावत नाहीत, तरी दोघं एकदमच वाकली होती. कपाळाला कपाळ लागलं. कुणीच मागे घेतलं नाही.

"कसं कळलं आसंल तिला?" रविराज म्हणाला.

"माहीत नाही," गौतमी म्हणाली. सगळं माहीत असायची सवय असलेल्या मुलीला ते दोन शब्द उच्चारताना इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

तपासणीला हिमाचलहून रोपवाटिकेच्या नेगीबाई आल्या. त्यांनी कुंड्या दोनदा मोजल्या. एकवीस. मिश्रण हातात घेतलं, हुंगलं, भुवया उंचावल्या, आणि एक चिमूट कागदात बांधून पर्समध्ये टाकली. सोपानरावांनी पेढे मागवले. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने, गौतमीचं जाणं पक्कं झालं.

निघायच्या आदल्या दिवशी ती बानूबाईंचा निरोप घ्यायला गेली. रविराज ओट्यावर बसून दोराला गाठी मारत होता. तिला वाटलं, आता तरी काही बोलेल. तो म्हणाला,

"तिथं पाणी लांबनं आणायला लागतं का?"

"ओढा आहे. जवळ."

"जळण?"

"केरोसीनचा स्टो." तिच्या आवाजाला धार आली. "अजून काही? भाकरीचं पीठ कुठलं, तेही विचार."

"कुठलं?"

ती वैतागून उठायलाच निघाली, तेव्हा चुलीपुढून बानूबाई हसल्या. "बस गं. आमच्यातली माणसं दिवाळी झाली की मेंढरं घिऊन कोकणात उतरायची. चार म्हैनं तोंड दिसायचं न्हाई. जाऊ नका म्हणायची रीत न्हाई आमच्यात. वाट इचारायची. पाणी कुठंय, जळण कुठंय, वस्तीला कोण हाय. ह्याचा बा मला जाताना कवा काय गोड बोलला न्हाई. पर त्येच्या वाटंवरला एकूण एक झरा मला पाठ व्हता." आणि कोकराला पाजायचं निमित्त करून त्या उठून गेल्या.

रविराजचे कान लाल झाले होते.

गौतमी परत बसली. नीट, मांडी घालून. "पीठ खालच्या गावातून येतं," ती म्हणाली. "आठवड्याला खेचरावरून. नऊला ऊन येतं. जूनपर्यंत सावलीत बर्फ असतो. फुलं जुलैत… सगळा डोंगर, म्हणतात."

"वस्तीला कोण असतं?"

"नेगीबाई. दोन बायका रोपं लावायला. आणि मी."

"सोबतीला कुणी न्हाई?"

"या हंगामात नाही."

त्याने गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "आन् पुढच्या?"

"पुढच्या हंगामात मिश्रणाचं काम वाढणार आहे. चाळणारं, मोजणारं, दगड-माती कळणारं आणखी एक माणूस लागेल. नेगीबाईंना मी विचारून ठेवलंय. त्या हो म्हणाल्या."

दोर त्याच्या हातातून ओट्यावर गळला. "कुणाचं नाव दिलं?"

"जागा रिकामी ठेवलीय. माणसाला विचारल्याशिवाय त्याचं नाव लिहायची मला सवय नाही."

"तुमच्या घरी, आमच्या घरी… लई बोलणी व्हतील, गौतमी." 'मॅडम' गळून पडलं होतं, त्याच्या लक्षातही आलं नाही.

"होतील. माझे आप्पा आठ दिवस बोलणार नाहीत, मग एकदम दोन तास बोलतील. सहा महिने आहेत. तू इकडून सुरुवात कर, मी पत्रांनी करते."

तो तिच्याकडे बघत राहिला. पहिल्या दिवशी उकिडवा बसून त्या इवल्याशा रोपांकडे पाहिलं होतं तसा… एवढ्याशा जागेत एवढं काही असू शकतं, यावर विश्वास न बसल्यासारखा.

"मग इचार की," तो म्हणाला.

आणि गौतमीने, आयुष्यात पहिल्यांदाच उत्तर आधीपासून माहीत असलेला प्रश्न, विचारला.